अठ्ठावन्नाच्या अलीकडे

शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला निवृत्तीचा पहिला प्रश्न साधारण सत्तावन्नाव्या वर्षी पडतो. त्याचं उत्तर मात्र तो पंचविशीत असतानाच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, किंवा लिहायचं राहून गेलेलं असतं. नेमणुकीचा आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, एका शाळेतून दुसरीत जातानाचं कार्यमुक्तीचं पत्र, बी.एड. कधी झालं त्याची नोंद, आईच्या आजारपणात काढलेली बिनपगारी रजा. त्या वेळी हे सगळं किरकोळ वाटतं. ऑफिसातले भाऊसाहेब म्हणतात, "सर, करून टाकतो, काळजी करू नका," आणि सर खडू घेऊन वर्गावर जातात. पुढे पेन्शनचे कागद वर गेले की नेमक्या त्याच नोंदीवर 'त्रुटी' म्हणून बोट ठेवलं जातं. ते भाऊसाहेब तोवर निवृत्त झालेले असतात, मुख्याध्यापक तीनदा बदललेले असतात आणि संस्थेच्या कार्यालयातल्या जुन्या फायली एखाद्या पावसाळ्यात भिजून गेलेल्या असतात.

म्हणून या पुस्तकाकडे निवृत्त होणाऱ्यांचं पुस्तक म्हणून पाहू नये. ते नोकरीत असणाऱ्यांचं पुस्तक आहे. त्यात निवृत्तिवेतनाचे प्रश्न एका भागात आणि कामाच्या ठिकाणचे प्रश्न दुसऱ्या भागात घातले आहेत, ते छापण्याच्या सोयीसाठी. प्रत्यक्षात हे दोन विषय वेगळे निघत नाहीत. निलंबनाच्या काळाचा निर्णय न होता तो तसाच लोंबकळत राहिला तर तेवढी सेवा निवृत्तिवेतनासाठी धरायची की नाही, हा प्रश्न अठ्ठावन्नाव्या वर्षी उभा राहतो. ज्येष्ठता यादीवर न वाचता केलेली सही मुख्याध्यापकपद घालवते, ते गेलं की शेवटचं मूळ वेतन कमी राहतं, आणि पेन्शन तर त्याच आकड्यावर काढतात.

मी टेबलाच्या ऑफिसकडच्या बाजूला बसलेला माणूस आहे. माध्यमिक शाळेत लिपिक म्हणून लागलो आणि मुख्य लिपिक म्हणून बाहेर पडलो. शिक्षकांच्या लेखी ऑफिस म्हणजे पगार कधी जमा होणार ते सांगणारी खोली. तिथल्या गोदरेजच्या कपाटात शाळेतल्या प्रत्येकाचं म्हातारपण ठेवलेलं असतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

विचारण्याची रीतही पाहण्यासारखी असते. शाळेतला माणूस स्वतःसाठी सहसा विचारत नाही. "आमच्या एका मित्राचं असं झालंय," अशी सुरुवात होते आणि दहा मिनिटांत मित्राची जन्मतारीख, नेमणुकीचं वर्ष आणि आडनावसुद्धा विचारणाऱ्याचंच निघतं. वर्गात साठ पोरांना गप्प करणारे सर शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जिन्यावर आवाज खाली आणतात. संस्थाचालकांचे पुतणे मुख्याध्यापक असतील तर प्रश्न ओठांवर यायच्या आधीच गिळला जातो. माहिती नसणं हे एक झालं, पण माहिती मागितली तर आपण तक्रारखोर ठरू ही भीती त्याहून मोठी. ही भीती अगदीच निराधार असते असं मी म्हणणार नाही.

तिचं मूळ महाराष्ट्रातल्या खाजगी अनुदानित शाळेच्या रचनेत आहे. पगार सरकारचा आणि नोकरी संस्थेची. जिल्हा परिषदेच्या गुरुजींची नेमणूक, पगार आणि पेन्शन बरंचसं एकाच छपराखाली असतं. अनुदानित माध्यमिक शाळेत नेमणूक करते संस्था, तिला मान्यता देतात शिक्षणाधिकारी, पगार काढतं वेतन व भविष्य निर्वाह निधी पथक, वेतननिश्चिती तपासतात लेखाधिकारी, आणि पेन्शन मंजूर होते महालेखापालांच्या मुंबई किंवा नागपूरच्या कार्यालयातून. या साखळीत कुठेही काही अडलं की प्रत्येक जण पुढच्याकडे किंवा मागच्याकडे बोट दाखवतो, आणि नियमाच्या भाषेत त्यातला प्रत्येक जण बहुधा बरोबरच असतो. या पुस्तकातली निम्मी उत्तरं खरं तर 'हे कुणाकडे मागायचं' एवढंच सांगतात. मला ती सर्वांत उपयोगी वाटली.

आज गृहीत धरलेली पेन्शन या शाळांना पहिल्यापासून नव्हती. मान्यताप्राप्त अनुदानित माध्यमिक शाळांतल्या कर्मचाऱ्यांना सरकारी धर्तीची निवृत्तिवेतन योजना लागू करण्याचा निर्णय नोव्हेंबर १९६८चा, आणि तो १ एप्रिल १९६६पासून अमलात धरला गेला. त्याआधीचे कितीतरी नामवंत मुख्याध्यापक भविष्य निर्वाह निधीची रक्कम आणि एक शाल-श्रीफळ घेऊन घरी गेले. नोकरीला कायद्याचं संरक्षण मिळायला तर आणखी वेळ लागला. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७चा असला तरी तो आणि त्याखालची नियमावली प्रत्यक्ष लागू झाली १५ जुलै १९८१ रोजी. तोपर्यंत सगळी मदार माध्यमिक शाळा संहितेवर. ती पाळली नाही तर अनुदान कापण्याची धमकी देता येई, पण काढून टाकलेल्या शिक्षकाला तिच्या आधारावर परत वर्गात उभं करणं अवघड होतं.

हा कायदा लहान आहे, दोन-तीन बैठकांत वाचून होतो. तो न वाचता तीस वर्षं नोकरी करणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि मला त्याचं कायम नवल वाटत आलं आहे. त्यातलं कलम ७ पाहा. राजीनामा द्यायचा तर त्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची. संस्थेचं कार्यालय समोरच्याच इमारतीत असताना टपाल कशासाठी, असं कुणालाही वाटेल. नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची आणि पुढे माणूस नकोसा झाला की त्याच कागदावर राजीनामा टंकायचा, हा प्रकार कायदा करणाऱ्यांना चांगला ठाऊक होता. टपालाची पावती आणि तारीख मागून त्यांनी त्या कोऱ्या कागदातली हवा काढून घेतली. 'राजीनामा लिहून द्या, नाहीतर चौकशी लावतो' असा दम ज्याला मिळाला असेल त्याने पुस्तकातलं हे प्रकरण आधी उघडावं.

चौकशीच्या बाबतीतही तसंच. निलंबन म्हणजे नोकरी गेली, अशी एक समजूत स्टाफरूममध्ये पक्की बसली आहे. नियमावलीनुसार चौकशी समिती तीन जणांची असते. त्यातला एक संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून, आणि एक खुद्द त्या कर्मचाऱ्याने खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांमधून सुचवलेला. हा तिसरा सदस्य आपला असतो हे माहीत नसल्यामुळे कितीजण ती जागा रिकामी सोडतात किंवा मुख्याध्यापक सुचवतील ते नाव लिहून देतात. चौकशीला १२० दिवसांची मुदत आहे. सेवा संपवली, पदावनत केलं किंवा बढतीत डावललं तर शाळा न्यायाधिकरणाकडे आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करावं लागतं. या तीस दिवसांत माणूस काय करतो? आमदारांना भेटतो, संस्थेच्या अध्यक्षांच्या गुरूंना भेटतो, समेटाची वाट पाहतो. त्या भेटीगाठी जरूर कराव्यात, पण अपील दाखल करून. दुसरी बाजूही लक्षात ठेवलेली बरी. पेन्शन रखडली, फरक मिळाला नाही, वेतनश्रेणी नाकारली असल्या तक्रारींसाठी हे न्यायाधिकरण नाही. तिथे दाद न मिळाल्याने निराश झालेले पुष्कळ जण मुळात चुकीच्या दारात उभे होते.

ज्येष्ठतेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शाळेतली मैत्री जेवढी या यादीवरून तुटते तेवढी दुसऱ्या कशावरून तुटत नाही. माध्यमिक शिक्षकांची ज्येष्ठता नियमावलीच्या अनुसूची 'फ'प्रमाणे ठरते आणि तिथे नुसती नेमणुकीची तारीख पुरत नाही. आवश्यक शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता पूर्ण करून आपण त्या प्रवर्गात कधी आलो, हे महत्त्वाचं. दोन वर्षं आधी लागलेल्या पण बी.एड. उशिरा केलेल्या बाई, नंतर लागलेल्या प्रशिक्षित सरांच्या मागे जाऊ शकतात. यादी दरवर्षी फिरते, सगळे डबा खाता खाता सही करतात. मुख्याध्यापकांची निवृत्ती तीन महिन्यांवर आली की ती यादी अचानक सगळ्यांना पाठ होते.

सेवापुस्तकाकडे येतो. आम्ही त्याला सर्व्हिस बुकच म्हणायचो. त्याची दुय्यम प्रत कर्मचाऱ्याजवळ असावी आणि तीही मूळ प्रतीबरोबर भरली जावी, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात दुय्यम प्रत असते, पण तिच्यातली शेवटची नोंद पाचव्या वेतन आयोगाची असते. नावाचे घोळ सर्वाधिक बायकांच्या वाट्याला येतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, मान्यतेवर सासरचं, आधारवर तिसरंच, बँकेत आद्याक्षरं. लग्नानंतरच्या नावबदलाची राजपत्रातली प्रत वेळेवर लावलेली नसेल तर हे चारही एकाच बाईंचं आहे, हे सिद्ध करायला निवृत्तीच्या तोंडावर धावाधाव होते. जन्मतारखेचं तर विचारूच नका. नोकरीत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला नसेल तर ती बदलून मागण्याची वाट जवळपास बंदच होते. जूनमध्ये शाळेत घालायचं म्हणून गुरुजींनी टाकलेली १ जून हीच तारीख आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यभर वागवली. तिचा एक चटका असा की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो.

वेतननिश्चितीच्या चुका हा सर्वांत महागडा प्रकार. १९८६, १९९६, २००६, २०१६ अशा प्रत्येक वेतन आयोगाच्या टप्प्यावर नवी निश्चिती झाली. बारा वर्षांची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांची निवड श्रेणी त्यात आणखी दोन पायऱ्या घालते. कुठेतरी एक वेतनवाढ जास्त लागते, ती पंधरा वर्षं कुणालाच दिसत नाही, आणि पेन्शनचे कागद पडताळणीला गेले की अतिप्रदान म्हणून काही लाखांची वसुली निघते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये रफिक मसीह प्रकरणात वसुलीला आळा घातला. वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत गेलेले, अशांकडून वसुली करू नये, असं त्यात सांगितलं आहे. हा निकाल आता शिक्षकांच्या व्हॉट्सअॅपवर सुविचारासारखा फिरतो. त्याच न्यायालयाने २०१६मध्ये जगदेव सिंग प्रकरणात काय म्हटलं ते मात्र कुणी पुढे पाठवत नाही. वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम निघाल्यास परत करीन' असं वचनपत्र दिलं असेल तर ते बांधून ठेवतं. आणि ते वचनपत्र विकल्पाच्या अर्जाबरोबर बहुतेकांनी दिलेलंच असतं, डबा खाता खाता.

आता जुन्या आणि नव्या पेन्शनचा विषय. त्याने एकाच स्टाफरूमचे दोन गट पाडले. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना परिभाषित अंशदान योजना आली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत गेली. त्याआधीच्याला दहा वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन, त्यावर महागाई भत्ता, आणि मागे राहणाऱ्या जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. नंतरच्याच्या पगारातून दहा टक्के कापून जातात, शासन आपला हिस्सा घालतं (तो आता चौदा टक्के आहे), आणि शेवटी हातात काय येईल ते बाजार ठरवतो. जमलेल्या रकमेचा किमान चाळीस टक्के भाग वार्षिकी घेण्यात घालावा लागतो. शेजारच्या बाकावर बसून तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दोघांमध्ये हा फरक आहे. मार्च २०२३मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभरचे कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर गेले, ते उगाच नाही.

शाळांच्या बाबतीत या तारखेला आणखी एक वाईट वळण आहे. एखाद्या बाई २००१मध्ये विनाअनुदानित शाळेत लागल्या. तुटपुंज्या मानधनावर पाच-सात वर्षं काढली. शाळा टप्प्याटप्प्याने शंभर टक्के अनुदानावर आली ती २००७मध्ये. आता त्यांची नेमणूक २००१ची धरायची की अनुदानाची तारीख? त्यांना वाटतं पहिली. शासनाने धरली दुसरी. २०१०पासून यावर आदेश निघाले, न्यायालयात याचिकांचे ढीग लागले, आणि या मधल्या काळातली माणसं निवृत्त होऊ लागली. हिशेबाच्या सोयीसाठी ओढलेली रेघ ज्यांच्या अंगावरून गेली त्यांना तिची शासकीय कारणं पटवून देता येत नाहीत, आणि मला ती पटलेलीही नाहीत. ज्यांनी बिनपगारी शाळा जगवली त्यांनाच त्या काळाचा दंड बसला, असंच माझं मत आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये शासनाने ज्यांच्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५पूर्वी निघाली होती, पण नेमणूक नंतर झाली, अशा कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा एकवेळचा पर्याय दिला. जाहिरात आणि अनुदान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाचकाने ध्यानात घ्यावं. एकाचा निर्णय दुसऱ्याला आपोआप लागत नाही.

विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षिकांचे प्रश्न संपादकांनी मुद्दाम मागवले, याबद्दल त्यांचे आभार. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या किती जणींना निरोपाला घड्याळ मिळालं आणि त्यांनी ते आभार मानून घेतलं! 'पेन्शन नाही' हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे 'काहीच नाही' असं त्या धरून चालतात. तसं नाही. ग्रॅच्युइटी त्यांच्या हक्काची आहे, आणि त्या हक्काचा इतिहास रंजक आहे. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात म्हटलं की १९७२च्या उपदान कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत शिक्षक बसत नाही. शिकवणं हे ना कुशल काम, ना अकुशल, ना कारकुनी. मग संसदेने २००९मध्ये व्याख्याच बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७पासून लागू केली. शाळा त्याविरुद्धही न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्ट २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पाच वर्षं सलग सेवा झाली की दर वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंचवीस वर्षं झालेल्या आणि शेवटी महागाई भत्त्यासह २६,००० रुपये वेतन असलेल्या बाईंचे यातून ३,७५,००० रुपये होतात. नोव्हेंबर २०२५पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, त्यामुळे अर्जाचा संदर्भ नवा द्यावा लागेल, हक्क जुनाच. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेला भविष्य निर्वाह निधीचा कायदाही लागू होतो. त्यातून मिळणारी पेन्शन फार मोठी नसते, पण दहा वर्षं भरली असतील तर ती सोडायची कशासाठी?

शिपाईमामांचे आणि मावशींचे प्रश्न पुस्तकात कमी आहेत. त्यांनी पाठवलेच कमी. चतुर्थ श्रेणीचा माणूस साठाव्या वर्षी निवृत्त होतो हे सोडलं तर त्यांच्याबद्दल फारसं कुणाला काही ठाऊक नसतं. डिसेंबर २०२०च्या निर्णयाने त्यांची पदं रिकामी होतील तशी संपवून त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता द्यायचं ठरलं. म्हणजे आज घंटा देणारे मामा निवृत्त झाले की त्यांच्या जागी जो येईल त्याला सर्व्हिस बुकच नसेल. या विषयावरचं पुस्तक पन्नास वर्षांनी कुणी लिहिलं तर त्यात ते प्रकरण असणारही नाही.

सध्या सर्वांत घाबरून विचारला जाणारा प्रश्न पात्रता परीक्षेचा आहे. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी आवश्यक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची, आणि ज्यांना पाच वर्षांहून कमी उरली आहेत त्यांना नोकरीत राहता येईल, पण बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला आहे. पन्नाशीतल्या माणसाला 'पेन्शन बुडणार का' असं विचारावंसं वाटणं साहजिक आहे. सेवा सोडावी लागली तरी अर्हताकारी सेवा पूर्ण असेल तर निवृत्तीचे लाभ द्यायचे, हे त्याच निकालात आहे. अफवेत नेमकं तेवढंच गाळलं जातं.

पैशांच्या हिशेबाबद्दल प्रस्तावनेत फार लिहीत नाही, तक्ते पुढे आहेतच. तीनच गोष्टी. पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो, म्हणजे अंशराशीकरण. ४०,००० रुपये पेन्शन बसली तर १६,००० विकून २४,००० उरतात, महागाई भत्ता मात्र पूर्ण ४०,०००वर मिळत राहतो, आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत चालू होतो. मुलीच्या लग्नासाठी विकावी की नाही, याचं उत्तर पुस्तक देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट नामनिर्देशनाची. उपदान आणि भविष्य निर्वाह निधीसाठी नाव द्यावं लागतं, पण कुटुंब निवृत्तिवेतन नामनिर्देशनाने ठरत नाही. ते नियमातल्या क्रमानेच जातं. भावाचं नाव लिहून गेलेल्यांच्या घरी यावरून झालेली भांडणं मी ऐकली आहेत. तिसरी रजा रोखीकरणाची. ते मुख्याध्यापकांना आणि आम्हा शिक्षकेतरांना मिळतं, शिक्षकांना का नाही, हा नेहमीचा रुसवा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या त्यात वळत्या झाल्या आहेत, एवढंच.

पेन्शनचे कागद निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू व्हावेत आणि सहा महिने आधी महालेखापालांकडे पोचावेत, असं १९८२चे निवृत्तिवेतन नियम सांगतात. उशीर झाला तर तात्पुरतं निवृत्तिवेतन मागता येतं. प्रशासनाच्या दोषाने उपदान तीन महिन्यांच्या पलीकडे किंवा पेन्शन सहा महिन्यांच्या पलीकडे लांबली तर व्याजाचीही तरतूद आहे. व्याज मागणारे अर्ज मात्र अगदी थोडे येतात. पेन्शन म्हणजे मेहेरबानी आहे, असं अजूनही वाटतं ना! १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे. त्या घटनापीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. आपल्याकडे पेन्शनर मंडळी १७ डिसेंबरला जमतात ती यासाठी. तिथली भाषणं लांबतात, पण तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या पुस्तकातली उत्तरं छपाईच्या दिवसापर्यंतच्या शासन निर्णयांवर बेतलेली आहेत. नवा निर्णय आला की त्यातली काही जुनी होतील. तेव्हा उत्तरात दिलेली निर्णयाची तारीख घ्यावी आणि त्यानंतर त्याच विषयावर काही निघालं आहे का, हे शासनाच्या संकेतस्थळावर पाहावं. कुणाच्या फॉरवर्ड केलेल्या चित्रावर विसंबू नये, संघटनेच्या अध्यक्षांनी पाठवलं असलं तरी.

शेवटी अर्जांचे नमुने दिले आहेत. दुय्यम सेवापुस्तक अद्ययावत करून मिळण्याचा, ज्येष्ठता यादीवर हरकतीचा, तात्पुरत्या निवृत्तिवेतनाचा, विलंबाच्या व्याजाचा आणि ग्रॅच्युइटीचा. ते जसेच्या तसे उतरवून काढले तरी चालतील, फक्त नाव आणि तारखा आपल्या घाला. अर्ज भाऊसाहेबांच्या हातात देऊन लगेच वळू नका. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडेपर्यंत तिथेच उभे राहा. भाऊसाहेब चहा घेऊन येतो म्हणाले, तरी.